पेन्सिलीच्या खुणा

चेलो स्वतः फार जड नसतो. जड असते ती त्याची पेटी. हे तुम्हाला प्राद गावाच्या रस्त्यावर कळतं.

साल १९४६. फ्रान्सच्या दक्षिण टोकाचं हे लहानसं गाव. वर कानिगू डोंगर, २,७८४ मीटर उंच, आणि त्याच्या पलीकडे स्पेन. कॅटलन माणूस हद्दीच्या कुठल्याही बाजूला राहत असो, कानिगूला तो आपलाच मानतो. तुमच्यापुढे चालणारा तरुण मात्र अमेरिकन आहे. बर्नार्ड ग्रीनहाउस, वय ३०, महायुद्धात अमेरिकी नौदलात होता. तो शिकायला आलाय आणि तुम्ही त्याची पेटी वाहायला. या प्रवासात प्रत्येक थांब्यावर तुमच्या वाट्याला असंच एखादं बारीकसारीक काम येणार आहे. कान उघडे ठेवायचे, हात कामात ठेवायचे.

घराचं नाव व्हिला कोलेत. दार उघडतं तेव्हा आधी पाइपच्या तंबाखूचा वास येतो आणि मग माणूस दिसतो. बुटका, टक्कल पडलेला, गोल भिंगांचा चष्मा. पेन्शनीत निघालेला हेडमास्तर वाटावा असा. हे पाब्लो कासाल्स. त्यांच्या स्वतःच्या कॅटलन भाषेत पाऊ कासाल्स. निम्मं जग त्यांना सर्वांत थोर चेलोवादक मानतं, आणि ते सध्या एकही मैफल करत नाहीत. का, ते पुढे कळेल. या तरुणाला नुसतं ऐकून घ्यायचं कबूल करण्याआधीही त्यांनी एक अट घातली होती: स्पॅनिश निर्वासितांच्या मदतनिधीला १०० डॉलर पाठव.

शिकवणी सुरू होते. तुम्ही कोपऱ्यातल्या खुर्चीवर. चेलो तुम्ही ऐकलेला आहे, नाव माहीत नसेल तरीही. जुन्या हिंदी गाण्यांत शब्दांच्या खालून जो खोल, किंचित घोगरा, माणसाच्या गळ्यासारखा आवाज वाहत असतो, तो पुष्कळदा चेलोचाच. मुंबईच्या स्टुडिओंत तो वाजवणाऱ्यांत गोव्याचे वादक होते. बसून, दोन गुडघ्यांत धरून वाजवायचं वाद्य. चार तारा, हातात गज. सतारीसारखे पडदे नाहीत, तेव्हा स्वर कुठे आहे हे सांगायला कानाशिवाय कुणी नाही.

समोर बाखचा दुसरा सुइट आहे, डी मायनरमधला. सुइट म्हणजे एकापाठोपाठ एक वाजवायच्या नृत्यरचनांची माळ, सुरुवातीला एक प्रिल्यूड. पहिले तीन स्वर वर चढतात: षड्ज, कोमल गंधार, पंचम. पंचमावर थोडं थांबायचं. कासाल्स ते वाजवतात. मग ग्रीनहाउस. कासाल्स मान हलवतात. पंचमावर हे बोट नाही, ते. गज इथे नाही वळवायचा, एक स्वर पुढे. पुन्हा. ग्रीनहाउस पेन्सिलीने कागदावर खूण करतो. पुन्हा. तासाभरात पहिलं पान खुणांनी भरून जातं.

दिवसाआड असं चालतं, एका बैठकीला तीन-तीन तास. आठवडाभराने तुम्ही पाहता तर विद्यार्थ्याचा चेहरा उतरलेला. तो काही नवशिका नाही. पोटापाण्यासाठी वाजवणारा पक्का वादक आहे. आणि इथे त्याला प्रत्येक बोट, गजाची प्रत्येक ओढ, प्रत्येक श्वास गुरूसारखाच घ्यायला लावताहेत. शेवटी तो बोलून टाकतो: मला कासाल्सची हलकी नक्कल होऊन राहायचं नाही. म्हातारा हसतो. त्याची काळजी करू नकोस, तो सांगतो, मी सत्तरीला आलोय, थोड्या दिवसांत नसेन. माझं वाजवणं लोक विसरतील. ऐकतील ते तुझं.

तुम्हाला हे ऐकलेलं वाटतं. आपल्याकडेही तालीम अशीच चालायची. एकच पलटा महिनोन्‌महिने घोटायचा, गुरूच्या तोंडून आला तसाच. आणि तिथली भीतीही हीच. गुरूचा दमासुद्धा शिष्याने गायकीत उचलला, असे किस्से आपल्या मैफलींच्या मध्यंतरात अजून रंगवून सांगतात. मग हा म्हातारा घडवतोय काय, वादक की ठसा?

उत्तराची घाई नको. आधी या खुणा कुठून आल्या ते पाहू. ग्रीनहाउसची एक जास्तीची पेन्सिल खिशात घाला. ५६ वर्षं मागे.

*

१८९०, बार्सिलोना. समुद्राचा खारा वास. बंदराजवळच्या कारेर आम्प्ले या गल्लीत जुन्या संगीताच्या कागदांचं दुकान आहे आणि आज तुमच्या हातात फडकं. धूळ झाडायची.

बाप-लेक आत येतात. बाप कार्लस, एल वेन्द्रेल गावच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवतो. मुलगा १३ वर्षांचा. आज बापाने त्याला पहिला पूर्ण आकाराचा चेलो घेऊन दिलाय आणि पोरगं हवेत आहे. त्याच्या पहिल्या वाद्याला पूर्ण काय, अर्धा चेलोही म्हणता आलं नसतं: गावात भटक्या वादकांनी वाजवलेलं पाहून हट्ट धरला म्हणून वाळक्या भोपळ्याला दांडी आणि तार लावून केलेलं खेळणं. भोपळ्यातून स्वर काढणं तंबोऱ्याच्या देशातल्या तुम्हाला मुळीच विचित्र वाटत नाही. तो भोपळा त्याच्या गावच्या संग्रहालयात आजही जपून ठेवलेला आहे.

पोरगा कमावता आहे. काफे तोस्त नावाच्या ठिकाणी रोज तिघांच्या वाद्यमेळात वाजवतो. त्याने मालकाला गळ घातली की आठवड्यातली एक रात्र तरी शास्त्रीय संगीताची ठेवू. त्यासाठी आज काही नवं मिळतंय का ते शोधायला आलाय. तो ढिगारा उपसतो, तुमच्या अंगावर पुन्हा धूळ. आणि मग त्याचा हात थांबतो. कडा पिवळ्या पडलेलं, चुरगळलेलं एक बाड. योहान सेबास्टियन बाख. एकट्या चेलोसाठी सहा सुइट. साथीला पियानो नाही, कुणी नाही.

त्याच्या खांद्यावरून वाकून पाहा. स्वर आहेत, भरपूर आहेत. पण कुठे जोरात, कुठे हळू, किती वेगाने, हे बाखने जवळजवळ सांगितलेलंच नाही. १७२०च्या आसपास त्याने हे लिहिलं. त्याच्या हातची प्रत हरवली. उरली त्यात महत्त्वाची प्रत त्याची बायको आना माग्दालेना हिने उतरवलेली, आणि तिच्यातही गज कुठे वळवायचा याच्या रेघा अशा, की एक रेघ नेमकी कुठल्या स्वरापाशी संपते यावर जाणकार अजून वाद घालतात. काय वाजवायचं ते कागद सांगतो. कसं ते सांगत नाही. म्हणून लोक या रचनांना बोटांचा व्यायाम समजत. मैफलीत वाजलाच तर एखादा तुकडा. अख्खा सुइट कुणी सहसा लोकांपुढे वाजवत नसे.

पोरगं बाड छातीशी धरून निघतं. पैसे बाप देतो. पुढची १२ वर्षं तो हे रोज वाजवील, आणि मगच यातला एक सुइट, सगळा, लोकांपुढे आणील. शिकवायला कुणी नाही. कागदावर पेन्सिलीची एकही खूण नाही.

आणि ज्यांच्याकडे खुणा होत्या त्यांच्याशी त्याचं भांडण होतं. दोन वर्षांपूर्वीच तो बार्सिलोनाच्या म्युनिसिपल संगीतशाळेत दाखल झालेला. सुतारकाम शिकवू, असा बापाचा विचार. आई पिलार हटून बसली आणि त्याला घेऊन शहरात आली. शाळेत पाहा: चेलोचे विद्यार्थी उजव्या काखेत पुस्तक दाबून बसलेत. कोपर अंगाला चिकटलेलं राहावं म्हणून. पुस्तक पडलं की चूक. डावा हात असाच आखडलेला. वरचा स्वर हवा की अख्खा पंजा तारेवरून सरकवायचा आणि त्याबरोबर एक किंवऽऽ असा ओढल्यासारखा आवाज. हा मुलगा घरी पुस्तक काढून टाकतो. कोपर मोकळं. डाव्या हाताची बोटं पसरून स्वर गाठतो, पंजा जागच्या जागी. बोट तारेवर नुसतं ठेवत नाही. लहान हातोडीसारखं टाकतो, म्हणजे गजाच्या आधीच स्वराचा उच्चार स्पष्ट होतो. शिक्षक आधी चमकतात, मग ऐकून गप्प बसतात. पुढच्या काही दशकांत जगभरचे चेलोवादक असेच बसू लागतील आणि एकेकाळी काखेत पुस्तक असायचं हे विसरून जातील.

*

पुढचे थांबे झटपट.

१८९५, ब्रुसेल्स. तुम्ही मोठ्या कॉन्झर्वेटरीच्या चेलोवर्गात मागच्या बाकावर. माद्रिदच्या राजदरबाराची शिष्यवृत्ती घेऊन आलेला १८ वर्षांचा बुटका मुलगा दाराशी उभा. काय वाजवशील, प्राध्यापक विचारतात. एकामागून एक रचनांची नावं घेतात. तो प्रत्येकीला हो म्हणतो. वर्गात हशा. या स्पॅनिश महाशयांना सगळंच येतं म्हणायचं! त्याला फुलबाजीचा एक तुकडा वाजवायला सांगतात. तो वाजवतो आणि बाकांवर सुई पडली तर ऐकू येईल असं होतं. प्राध्यापक त्याला बाजूला घेऊन म्हणतात, राहा, पहिलं बक्षीस तुझं. मुलगा नाही म्हणतो. ज्याने चारचौघांत माझी टिंगल केली त्याच्याकडे मी शिकणार नाही. शिष्यवृत्ती गेली. मायलेक तिथून पॅरिसला जातात. आई तिथल्या थंडीत शिवणकाम करते, आणि एक दिवस आपले लांब काळे केस विकून येते.

हा अपमान लक्षात ठेवा. पुढे हा माणूस ७० वर्षं शिकवील, आणि विद्यार्थ्यावर हसणारा वर्ग भरवणार नाही.

१८९९, पॅरिस. लामूरू यांच्या वाद्यवृंदाबरोबर पहिली मैफल, आणि त्यानंतर दारं उघडत जातात.

१९०१, कॅलिफोर्निया. तमालपायस डोंगर उतरताना वरून गडगडत आलेला एक दगड त्याच्या डाव्या हाताच्या बोटावर पडतो. तुम्ही रुमाल बांधायला धावता. त्याच्या मनात पहिला विचार येतो तो हा, हे त्याने पुढे स्वतःच सांगितलं: सुटलो! आता चेलो वाजवावा लागणार नाही. बोट बरं होतं. पण ती वाक्यभराची सुटका तुमच्याही लक्षात राहते. रोजच्या रियाजाचा भार त्यालाही होता.

*

१८ जुलै १९३६, संध्याकाळ. बार्सिलोनाचं पालाउ दे ला मूसिका. डोक्यावर रंगीत काचांचं छत, उलट्या घंटेसारखं खाली झुकलेलं. तुम्ही गायकवृंदात, मागच्या रांगेत. हातात बेथोव्हेनच्या नवव्या सिंफनीतलं समूहगान, कॅटलन शब्दांत. उद्या माँझुइक टेकडीवर लोक-ऑलिंपिकचं उद्‌घाटन आहे. बर्लिनमध्ये हिटलरचं ऑलिंपिक दोन आठवड्यांवर आलंय. हे त्याला दिलेलं उत्तर.

पुढे हातात छडी घेऊन कासाल्स उभे आहेत. हा वाद्यवृंद त्यांनी १९२० मध्ये उभा केला, तोही कित्येक वर्षं पदरचे पैसे घालून. कामगारांना तिकिटं परवडत नाहीत म्हणून १९२६ मध्ये कामगारांचीच मैफल-संस्था काढायला लावली. वर्गणी वर्षाला ६ पेसेता. चेलोने जे कमावलं ते त्यांनी इथे ओतलं.

तिसरा भाग संपतो. चौथ्याची तयारी. तेवढ्यात एक माणूस धावत येतो, हातात चिठ्ठी. लष्कराने बंड केलंय, कुठल्याही क्षणी शहरात गोळीबार सुरू होईल, ताबडतोब घरी जा. कासाल्स चिठ्ठी वाचून दाखवतात. आता आपण पांगू, आणि पुन्हा कधी एकत्र येऊ सांगता येत नाही. जाण्याआधी हे पुरं करायचं का? सगळ्यांचा एकच होकार, आणि तुमचाही. तुम्ही गाता. सगळी माणसं भाऊ होतील, अशा अर्थाचं काहीतरी. छडी धरलेल्या माणसाला डोळ्यांतल्या पाण्यामुळे पुढचं पान दिसत नाही. मग रस्त्यावर येता तेव्हा लोक फरसबंदीचे दगड उपसून अडथळे रचत असतात. शांतता आल्यावर हीच सिंफनी पुन्हा वाजवू, असं त्यांनी निघताना सांगितलंय. तो दिवस त्यांच्या आयुष्यात यायचा नाही.

चार महिन्यांनी, नोव्हेंबरमध्ये, तुम्ही लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत आहात. काम: मेणाच्या ताज्या तबकड्या मशीनवर चढवायच्या. कासाल्सना साठी गाठायला महिना उरलाय. देशात यादवी पेटलेली. कित्येक वर्षं ज्याला ते नको म्हणत आले ते आज करताहेत: बाखचे सुइट ध्वनिमुद्रित करताहेत. आज दुसरा आणि तिसरा; उरलेले पॅरिसमध्ये १९३८ आणि १९३९ साली. तबकडीच्या एका बाजूला चार-साडेचार मिनिटं मावतात. सुई मेणात उतरते आणि तेच तीन स्वर. षड्ज, कोमल गंधार, पंचम. पंचमावर ते थांबतात, नक्की एवढंच. आणि ते तेवढं थांबणं आता मेणात कोरलं गेलं. पुसता यायचं नाही. जगाच्या पाठीवर कुणी मुलगा ही तबकडी शंभरदा लावील आणि ते थांबणं जसंच्या तसं उचलील.

खिशातली पेन्सिल चाचपून पाहा. तुमच्या डोक्यात पुन्हा तोच प्रश्न: गुरू देतो तो ठसाच का?

*

जानेवारी १९३९ मध्ये बार्सिलोना पडतं. लाखो माणसं बर्फातून डोंगर ओलांडून फ्रान्समध्ये येतात. आर्जेलेसच्या किनाऱ्यावर काटेरी तारेच्या आत, वाळूवर, उघड्यावर राहतात. तुमचं या थांब्यावरचं काम टपाल लावण्याचं. प्रादच्या घरातून कासाल्स जगभर पत्रं पाठवतात: पैसे द्या, कपडे द्या, धान्य द्या. आलेली पार्सलं छावण्यांत नेऊन देतात. उत्तरं हाताने लिहितात, शेकड्यांनी. ज्या उजव्या हाताने गज धरायचा तो आता टाक धरून आखडलाय.

मग फ्रान्सही पडतो. एक दिवस जर्मन अधिकारी दारात. बूट करकरत आत येतात, पण वागणं अदबीचं. बर्लिनला चला, फ्यूरर तुम्हाला ऐकायला उत्सुक आहेत. कासाल्स खांद्याला हात लावून सांगतात, संधिवात आहे. बरं, मग आत्ता आमच्यापुढे थोडं? संधिवात. तुम्ही दाराआडून पाहता आहात. चेलो खोलीतच आहे.

१९४५. युद्ध संपतं. इंग्लंडमध्ये ते पुन्हा वाजवतात, सभागृहं ओसंडतात. त्यांना वाटतं हिटलर गेला, मुसोलिनी गेला, आता स्पेनचा हुकूमशहा फ्रँको जाईल. पण लंडनचं सरकार फ्रँकोला हात लावणार नाही हे हळूहळू स्पष्ट होतं. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज मानद पदवी देऊ करतात, ते नाकारतात. मग प्रादला परततात आणि जाहीर करतात: फ्रँकोला मान्यता देणाऱ्या देशांत मी वाजवणार नाही. व्यवहारात याचा अर्थ जवळजवळ कुठेच नाही.

म्हणून १९४६ मध्ये हा माणूस मैफल करत नाही. वय ७० होत आलेलं आणि वाजवायला श्रोते नाहीत, ते त्याने स्वतःच नाकारलेत. उरलाय हा एक अमेरिकन तरुण, समोरच्या खुर्चीत, पेन्सिल घेऊन.

*

परत व्हिला कोलेत. मध्ये तीन आठवडे गेलेत. तुमच्या खांद्याला पेटीची सवय झालीय.

ग्रीनहाउस डी मायनर सुइट अथपासून इतिपर्यंत वाजवतो. तुम्ही डोळे मिटा. फरक सांगता येणार नाही. तेच बोट, तोच गज, पंचमावर तेवढंच थांबणं. ॲबी रोडची तबकडी मशीनऐवजी माणसावर चढवावी तसं. शेवटचा स्वर विरतो. कासाल्स पाइप ठेवतात. छान, म्हणतात, आता चेलो खाली ठेव आणि ऐक.

ते वाजवायला लागतात. तोच सुइट, तेच स्वर. पण पहिल्याच ओळीत तुम्ही खुर्चीत सावरून बसता. पंचमावर आज ते थांबतच नाहीत. त्याच्यावरून पुढे घसरतात आणि भलत्याच ठिकाणी श्वास घेतात. दुसऱ्या ओळीत बोटं वेगळी. गज उलटा. जिथे जोर होता तिथे कुजबुज, जिथे नुसता पूल होता तिथे अख्खं वाक्य. एकही खूण पाळलेली नाही. तीन आठवडे शाळेच्या पाढ्यासारखं जे पाठ करवून घेतलं, त्यातलं एकूण एक त्यांनी बदललंय, आणि तरी ती तीच रचना आहे, किंबहुना आत्ताच कुठे ती दिसतेय. ग्रीनहाउसचं तोंड उघडं पडलंय.

कासाल्स गज उतरवतात. चेहऱ्यावर मिस्कील हसू. बाखमध्ये उत्स्फूर्त कसं वाजवायचं ते आता तुला कळलं, अशा अर्थाचं काहीतरी ते म्हणतात. यापुढे बाखचा अभ्यास असाच करायचा.

तुम्ही कागदाकडे पाहता. पानं खुणांनी काळी झालीत. आणि तुमच्या लक्षात येतं की दुसरं वाजवणं पहिल्याशिवाय कळलंच नसतं. एक वाट इतकी मुरवायची की ती सोडली हे अंगाला जाणवावं. वाट माहीतच नसेल तर ती सोडणं म्हणजे नुसतं भरकटणं. आपल्या ख्यालातली बंदिश हेच करते: आधी जशीच्या तशी गळ्यावर चढवायची, मग तिला हाताशी धरून निघायचं. १३ वर्षांच्या मुलाला कोरं बाड मिळालं होतं, आणि स्वतःच्या खुणा करायला आणि खोडायला त्याला १२ वर्षं लागली. या तरुणाला तो त्या १२ वर्षांचा सराव ३ आठवड्यांत दाखवतोय.

*

आता पुढे, आणि उतारावर गाडी सुटते तसं.

१९५०. बाखला जाऊन २०० वर्षं. कासाल्स जगात जात नाहीत, तर जग प्रादला येतं. व्हायोलिनवादक अलेक्झांडर श्नायडरच्या आग्रहाने सेंट पिअरच्या चर्चमध्ये महोत्सव भरतो. तुम्ही खुर्च्या लावता. देवळात टाळ्या वाजवायच्या नाहीत, तेव्हा पहिला सुइट संपल्यावर सगळं चर्च नुसतं उठून उभं राहतं.

१९६०, बर्कली, कॅलिफोर्निया. विद्यापीठाच्या सभागृहात कॅमेरे, आणि तुमच्या हातात वायरचं भेंडोळं. ८३ वर्षांचा गुरू तरुणांना लोकांसमोर शिकवतोय. कुणावर हसत नाही. गाऊन दाखवतो, मग वाजवून. स्वर जन्मला की हलका होत जायला हवा, एकसारखा ताणून धरला की तो मेला. वाक्याला इंद्रधनुष्यासारखी कमान हवी, चढ आणि उतार. आणि सुरेलपणाचं तर त्यांचं स्वतःचंच गणित आहे: पियानोतला, सारख्या अंतरांवर बसवलेला स्वर त्यांना पुरत नाही. शुद्ध निषाद वरच्या षड्जाच्या ओढीने चढला पाहिजे, त्याला जवळजवळ चिकटला पाहिजे. तुम्ही मनातल्या मनात श्रुती मोजू लागता. बेसूर वाजणं त्यांच्या मते सदसद्‌विवेकाचा प्रश्न आहे: आयुष्यात काही चुकलं की आत जसं टोचतं, तसंच ते टोचायला हवं.

१९७१, २४ ऑक्टोबर, न्यूयॉर्क. संयुक्त राष्ट्रसंघाचं सभागृह. ९४ वर्षांचे कासाल्स महासचिव ऊ थांट यांच्या हातून शांतता-पदक घेतात, मग सांगतात की बऱ्याच वर्षांत मी लोकांपुढे वाजवलेलं नाही, पण आज वाजवायला हवं. ‘एल कांत देल्स ओसेल्स’, पक्ष्यांचं गाणं; जुनं कॅटलन लोकगीत. माझ्या देशात पक्षी आकाशात चढताना शांतता, शांतता असं गातात, ते म्हणतात. इंग्रजीत सांगतात म्हणून तिथल्या बहुतेकांना कळत नाही, पण तुम्हाला कळतं: कॅटलनमध्ये शांततेला शब्द आहे ‘पाऊ’. पक्षी त्यांचंच नाव घेताहेत. आवाज कापरा आहे. स्वर कापरा नाही.

२२ ऑक्टोबर १९७३ ला, पोर्तो रिकोत, आईच्या मातृभूमीत, ते जातात. ९६ वर्षांचे. फ्रँको त्यांच्यानंतर दोन वर्षं जगतो. १९७९ मध्ये त्यांचे अवशेष एल वेन्द्रेलला आणले जातात, त्या ऑर्गनवाल्याच्या गावी. तुम्ही गर्दीत उभे राहता, हाताला काही काम नाही. आणि माझं वाजवणं लोक विसरतील, तुझं ऐकतील, हे भाकीत? अर्धं खोटं ठरलं. १९३६ ची तबकडी अजून वाजते. अर्धं खरं ठरलं. ग्रीनहाउस १९५५ मध्ये बो आर्ट्स ट्रिओ या त्रिकुटाच्या स्थापनेत होता, तीन दशकं त्यात वाजवत राहिला, विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडवल्या, आणि २०११ मध्ये ९५ वर्षांचा होऊन गेला. प्रादच्या त्या तीन आठवड्यांची गोष्ट तो शेवटपर्यंत सांगत असे.

*

घरी परतण्याआधी एक थांबा, थोडा मागे. साठचं दशक, पोर्तो रिकोतलं सान हुआन, समुद्राकाठचं घर. इथलं काम सोपं: सकाळी खिडक्या उघडायच्या.

पत्नी मार्ता आत आहे. कासाल्स सकाळी चालून येतात, पियानोपाशी बसतात. चेलोच्या आधी पियानो. बाखचे दोन प्रिल्यूड आणि फ्यूग, रोज. जवळजवळ ८० वर्षांचा नेम, देवाला फूल वाहावं तसा. तुम्ही खिशातली ग्रीनहाउसची पेन्सिल काढता. एका चिठोऱ्यावर खुणा करता: इथे थांबले. इथे हळू. इथे डावा हात जोरात. चांगल्या सात-आठ खुणा जमतात. घरी गेल्यावर दाखवायला उपयोगी पडतील.

दुसऱ्या दिवशी पुन्हा खिडक्या. पुन्हा समुद्र. तोच प्रिल्यूड. तुम्ही चिठोरा समोर धरून बसता आणि बोट ओळीवर ठेवता. पहिली खूण येते. ते थांबत नाहीत. दुसरी येते, तिथे हळू होत नाहीत. उलट पुढे सरकतात. तिसऱ्या खुणेपर्यंत तुम्ही कागद पाहणं सोडून दिलेलं असतं.

पेन्सिल परत खिशात जाते. ग्रीनहाउसची आहे, आठवणीने द्यायला हवी.